तिसरा दगड

१

उदयसिंहांनी एकतीस वर्षं तळोज्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळलं. कोण किती वाजता आत आलं, कोण किती वाजता बाहेर पडलं आणि कोणी कोणाचं कार्ड परस्पर पंच केलं, हे बघण्यात सगळी नोकरी गेली. एवढ्या वर्षांत एकालाही सूट दिली नाही. अशा माणसाच्या पोटी बारा वाजेपर्यंत लोळणारा मुलगा यावा, आता बोला.

मुलगा म्हणजे सुशांत. वय सव्वीस. नोकरी घरात बसून, तीही अमेरिकेच्या घड्याळावर. करंजाड्यातल्या फ्लॅटमध्ये तिघंच राहायची, पण उदयसिंह उठायचे तेव्हा तो नुकताच झोपलेला असायचा आणि तो जेवायला बसायचा तेव्हा यांच्या डोळ्यांवर पेंग. बापलेकाची गाठ पडली तर फ्रिजपाशी. एक रविवार तेवढा हातात होता. सुशांत दहावीत असल्यापासून दर रविवारी सकाळी तिघं डोंगरावर जायची. गाडीने अर्धा तास, मग पायथ्याच्या वाडीतून चढायचं, माथ्यावर न्याहारी करायची आणि दुसऱ्या अंगाच्या नाळेने, म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या घळीने, उतरून पुन्हा त्याच वाडीत यायचं. वाट लहान पण उभी. उदयसिंहांच्या घड्याळाने दोन तास दहा मिनिटं.

गेले दोन महिने मात्र दर रविवारी सुशांतचं काही ना काही निघत होतं. हा दिवसही गेला की मुलगा गेलाच म्हणायचा, अशी धास्ती उदयसिंहांच्या मनात बसली होती. ते कोणाला बोलले नव्हते. तोंडातून निघायचा तो फक्त वैताग.

या शनिवारी त्यांनी स्वतः सुशांतचे ट्रेकचे बूट काढले. तळव्यातली माती टोकरली, फडक्याने पुसले, जुन्या नाड्या टाकून लाल नाड्या ओवल्या आणि दाराशी नीट जोडीने लावून ठेवले. रविवारी सकाळी सहाला दार वाजवलं. आतून "हो बाबा" आलं. सव्वासहाला "उठतोय ना" आलं. साडेसहाला पांघरुणातून आवाज आला, "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच मागून, बाइकने."

उदयसिंहांच्या डोक्यात तिडीक गेली. ते काही तरी बोलणार, तेवढ्यात बायकोने, पद्मजाबाईंनी, थालीपिठांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

२

वाडीचं शेवटचं घर संपतं तिथून जंगल लागतं, आणि तिथेच चिऱ्यांचा एक कट्टा आहे. वाडीची जुनी रीत अशी, की रानात लाकडाला, गवताला जाणाऱ्या प्रत्येकाने जाताना या कट्ट्यावर एक दगड ठेवायचा आणि परत आल्यावर आपला आपण उचलून टाकायचा. दिवेलागणीला कट्ट्यावर दगड उरला तर कोणी तरी आत राहिलंय असं समजायचं आणि माणसं शोधायला निघायची. त्यात शेंदूर नाही, नारळ नाही, नुसती हजेरी. उदयसिंहांना ही रीत पहिल्या दिवसापासून आवडली होती. आमच्या कारखान्यापेक्षा तुमची पद्धत चोख, असं ते भगवानला कितीदा तरी म्हणाले होते.

भगवान त्या शेवटच्या घराचा मालक. साठीचा, सडसडीत. यांची गाडी त्याच्याच अंगणात लागायची.

"दोघंच?" तो म्हणाला. "पोऱ्या नाय आला आज पन?"

"येतोय मागून," उदयसिंह म्हणाले.

हाच प्रश्न गेले आठ रविवार. पद्मजाबाईंनी आपला दगड ठेवला, उदयसिंहांनी आपला ठेवला. आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा वाकून एक चपटा काळा दगड उचलला आणि आपल्या दगडाशेजारी ठेवला.

"ह्यो कोनाचा?" भगवानने विचारलं.

"सुशांतचा. सांगितलं ना, मागून येतोय."

"मंग येल तवा ठेवील ना तो. ज्याचा त्यानंच ठेवायचा असतो, सायेब."

"अहो, पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

दुसऱ्याचं कार्ड पंच केलं म्हणून ज्या उदयसिंहांनी माणसं गेटवरून परत पाठवली, त्यांनी पोटच्या पोराची हजेरी अशी परस्पर लावून टाकली. कारण काय, तर 'नाही आला' हे शब्द भगवानसमोर तोंडातून निघेनात.

३

पहिली तीन वळणं गर्द कारवीतून जातात. पाचोळा पायाखाली चुरचुरत होता आणि वर कुठेतरी तांबट पक्षी टुकटुक करत होता. उदयसिंह पुढे, पद्मजाबाई मागे, आणि उदयसिंहांचं तोंड चालू. आजकालच्या मुलांना शिस्त नाही, रात्रीचा दिवस करायचा आणि दिवसाची रात्र, अशाने तब्येतीचं मातेरं होतं वगैरे. पद्मजाबाईंना ते सगळं पाठ होतं.

दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या. "अहो, ऐका."

खालून पाचोळ्यात पावलं वाजत होती. दमदार, जरा फरफटत टाकलेली. सुशांतला लहानपणापासून तशीच टाच घासत चालायची खोड.

"सुशांत?" त्यांनी हाक मारली.

"आलोच," खालून उत्तर आलं.

उदयसिंहांनी घड्याळ बघितलं. सात पंचवीस. म्हणजे पोरगं आपण निघाल्यावर दहा मिनिटांत निघालं असणार. त्यांच्या मनावरचा धोंडा खाली उतरला. पण चेहऱ्यावर काही दिसू न देता ते म्हणाले, "बाइक कशी हाणली असेल बघ. हेल्मेट तरी घातलं होतं का विचार." पद्मजाबाई हसल्या.

कातळाचा टप्पा लागतो तिथे दोघं थांबली. पाच मिनिटं गेली. पावलं वाजत होती, पण वळणापाशी येऊन थांबायची. दोघं पुढे निघाली की तीही निघायची.

"नाडी सुटली असेल," पद्मजाबाई म्हणाल्या.

"तीनदा सुटते का नाडी? आपल्याबरोबर चालायची लाज वाटते त्याला, दुसरं काही नाही." उदयसिंहांनी वळून ओरडून विचारलं, "अरे, येणारेस का नुसता आलोच-आलोच करणारेस?"

"आलोच," खालून आलं. जसं आधी आलं होतं तसंच. तोच सूर, तेवढीच लांबी. दम मात्र लागलेला नव्हता, आणि एवढी चढण चढताना सुशांतला दम लागतो हे बापाला माहीत होतं. व्यायाम सुरू केला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

४

माथ्यावरून सगळं पनवेल दिसतं. करंजाड्याच्या इमारती, हायवेवरचे ट्रक, विमानतळाची धावपट्टी आणि त्यापलीकडे धुरकट खाडी. पद्मजाबाईंनी डबा उघडून थालीपिठांचे तीन वाटे केले. दोन संपले. तिसरा तसाच राहिला.

उदयसिंह कड्याशी जाऊन खाली बघत होते. शेवटच्या वळणावर कारवीआड कोणीतरी वाकून नाडी बांधत होतं. पाठीवर राखाडी टीशर्ट. मान खाली. ते दोन मिनिटं बघत राहिले. तो आकार वाकलेला तो वाकलेलाच. नाडी बांधायला माणसाला एवढा वेळ लागत नाही.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. माथ्यावरच तेवढी रेंज मिळते. सुशांतचा मेसेज होता. "सॉरी बाबा, डोळा लागला. आत्ता उठलो."

उदयसिंहांनी मेसेज दोनदा वाचला. मग फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कुठे आहेस?"

"घरीच आहे बाबा. सॉरी, खरंच." मागे शेजारच्यांचा मिक्सर घरघरत होता. रविवारी साडेआठला त्यांच्याकडे इडलीची चटणी होतेच. "तुम्ही या सावकाश. मी चहा टाकून ठेवतो."

सव्वीस वर्षांत सुशांतने चहा टाकला नव्हता.

उदयसिंह काही बोलणार, तोच खालून, वळणावरून, हाक आली. "बाबा, थांबा ना."

पद्मजाबाई ताडकन उठल्या. "आला बघा. मी जाते खाली, दमलाय तो."

"बस तू," उदयसिंह म्हणाले. फोन त्यांनी छातीशी धरला होता. "तो घरी आहे. आत्ता बोलतोय माझ्याशी."

"मग हा कोण?"

"असेल कोणी तरी. दुसरा कोणी त्याच्या बापाला हाक मारत असेल. डोंगरावर आपण एकटे आहोत का?"

"अहो, मी त्याची आई आहे. त्याचा आवाज मला कळत नाही?"

"आणि हा फोनमधला आवाज कोणाचा आहे?"

त्यांनी फोन पद्मजाबाईंच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. मिक्सर, नळाचं पाणी, आणि "आई, ये लवकर." त्यांनी फोन परत दिला आणि त्या कड्याकडे चालू लागल्या. उदयसिंहांनी त्यांचं मनगट धरलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण असं मनगट त्यांनी कधी धरलं नव्हतं. दोघांनाही त्याची लाज वाटली, पण हात सुटला नाही. फोनवर नंबर सुशांतचा, मिक्सर शेजाऱ्यांचा, घर आपलं. खाली फक्त एक आवाज. माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? जे नोंदलं गेलंय त्यावर. उदयसिंह आयुष्यभर तसेच जगले होते.

ते बायकोला ओढतच नाळेकडे घेऊन गेले. तिसऱ्या वाट्याचं थालीपीठ पद्मजाबाईंनी कातळावर पानात ठेवलं. ते उदयसिंहांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

५

नाळेत धोंडेच धोंडे. उतरताना बोलायला सवड नसते. मागून धोंडे हलल्याचा आवाज येत होता, आणि मध्येमध्ये हाक. "बाबा, थांबा ना." आता तिच्यात दम लागलेला ऐकू येत होता. जरा चीडही होती. परीक्षेला उशीर झाला की सुशांत असाच बोलायचा. पद्मजाबाई रडत उतरत होत्या. उदयसिंहांनी एकदाही मागे बघितलं नाही आणि त्यांनाही बघू दिलं नाही.

कट्ट्यापाशी आल्यावर हाका थांबल्या. पद्मजाबाईंनी दगड उचलून टाकला, उदयसिंहांनी उचलून टाकला. काळा चपटा तिथेच राहिला.

भगवान अंगणातून आला. "आला का पोऱ्या?"

"नाही आला. घरीच झोपला होता. टाकून देतो मी हा."

"थांबा." भगवानने हात आडवा धरला. "ज्याचा दगड त्यानंच उचलायचा."

"अहो, पण तो आत गेलाच नाही."

"हजेरी तं लागली ना त्याची? तुमीच लावली." भगवान आवाज न चढवता बोलत होता. "आमी तुमाला पयल्यांदाच बोललो व्हतो. आज संध्याकाळच्या आत पोऱ्याला आना आन् त्याच्या हातानं उचला."

"आज? अहो, पुढच्या रविवारी आणतो ना. दगडच तर आहे."

"संध्याकाळी मानसं शोधायला जातील, सायेब. आनि रानात कोन घावलं, तर आमी काय सांगायचं त्याला?"

उदयसिंहांना या प्रश्नाचाच राग आला. त्यांनी गाडी काढली आणि हायवेला लागेपर्यंत ते वाडीच्या अडाणीपणावर बोलत राहिले. पद्मजाबाई काचेतून मागे बघत होत्या.

६

घरी सुशांतने खरंच चहा टाकला होता. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, तीन कप मांडलेले. बाइक पार्किंगमध्ये जागेवर होती, हे उदयसिंहांनी येतानाच बघितलं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली, आणि तो लहानपणी हसायचा तसा हसला.

दाराशी चपला काढताना त्यांचं लक्ष गेलं. लाल नाड्यांचे बूट जागेवर नव्हते.

"बूट कुठे आहेत रे तुझे?"

"कुठले बूट?" सुशांत म्हणाला.

माळा पाहिला, गॅलरी पाहिली, पलंगाखाली पाहिलं. बूट नव्हते. कोणी तरी बाहेरून उचलले असतील, असं ठरलं. दार बंद होतं आणि बूट दाराच्या आत होते, याचा विचार उदयसिंहांनी केला नाही. करायचाच नाही असं ठरवलं.

"संध्याकाळी जरा वाडीपर्यंत जाऊन यायचंय," ते म्हणाले. "एक दगड उचलायचाय, बस."

"पुढच्या रविवारी जाऊ की बाबा," सुशांत म्हणाला. "आज तुम्ही दमलाय." बापाच्या दमण्याची एवढी काळजी त्याने कधी केली नव्हती. उदयसिंह विरघळले आणि खुर्चीत बसले. संध्याकाळ तशीच गेली.

तो आठवडा म्हणजे उदयसिंहांनी मागून घेतल्यासारखा होता. सुशांत सहाला उठायचा. कंपनीने वेळ बदलून दिली म्हणाला. तिन्ही त्रिकाळ त्यांच्याबरोबर जेवायला बसायचा, विचारलं त्याचं उत्तर द्यायचा, ताट उचलून ठेवायचा. आणि पद्मजाबाई, ज्या पोरगं दोन घास कमी जेवलं तर दिवसभर तळमळायच्या, त्या त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हत्या. त्याला वाढायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. त्याच्या समोर बसून त्या जेवल्या नाहीत.

"काय चाललंय तुझं?" बुधवारी उदयसिंहांनी विचारलं. "इतकी वर्षं म्हणत होतीस, पोरगं आपल्यात बसावं. आता बसतंय तर तोंड फिरवतेस."

"तो टाच घासत नाही," पद्मजाबाई म्हणाल्या.

"सुधारला असेल."

"तुम्ही त्याला नीट बघितलंय का, अहो?" त्या म्हणाल्या. "की नुसता हजर आहे एवढंच बघताय?"

उदयसिंह चिडून गॅलरीत जाऊन उभे राहिले. बायकोचा राग, भगवानचा राग, त्या दगडाचाही राग. कोणी सुख सुखाने घेऊ देत नव्हतं. आत सुशांत टीव्हीसमोर बसला होता, पाठ ताठ, हात मांडीवर. तो मोबाइल बघत नव्हता. रविवारपासून त्याने मोबाइल हातात घेतलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी मान वळवली आणि समोरच्या इमारतीतल्या दिव्यांकडे बघत राहिले.

७

रविवारी साडेपाचला सुशांत नवे बूट घालून दाराशी उभा होता. पद्मजाबाई येणार नव्हत्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. निघताना त्यांनी उदयसिंहांच्या हातात डबा दिला. गरम होता.

"हा त्याच्यासाठी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"दोघं मिळून खाऊ."

"दोघांचा नाही. त्याचा." त्यांनी सुशांतकडे बघितलं नाही. "मागून येईल त्याला द्या."

वाडीत भगवान दारात बसला होता. तो उठून आला नाही. त्याने सुशांतकडे एकदा बघितलं आणि घरात गेला. आतून दाराला कडी लागल्याचं ऐकू आलं. वाडीत दिवसाउजेडी कोणी कडी लावत नाही.

कट्ट्यावर काळा चपटा दगड होता तिथेच होता.

"हा आधी उचल," उदयसिंह म्हणाले. "तुझा आहे. मागच्या वेळी मी ठेवला होता, चूक झाली. उचल आणि टाक, आणि मग हवं तर पुन्हा आत जाऊ."

सुशांत हसला. "राहू दे ना बाबा. एकदा हजेरी लागली की झालं."

"उचल म्हणतो ना."

"मग आत जो आहे तो बाहेर येईल की," सुशांत म्हणाला, अगदी सहज, आणि वाटेला लागला.

उदयसिंहांना वाटलं, थट्टा करतोय. आजकालची मुलं करतात. ते स्वतःचा दगड ठेवायचा विसरले आणि त्याच्या मागे निघाले, कारण आठ रविवारांनी पोरगं आलं होतं आणि त्याला एकट्याला पुढे सोडवत नव्हतं. तो सरळ चढत होता. पाचोळ्यात त्याच्या पावलांचा आवाज येत नव्हता. पाचोळा ओला असेल, असं उदयसिंह म्हणाले. वाकून एक पान उचलून बघितलं. खडखडीत वाळलेलं होतं.

दुसऱ्या वळणावर खालून पावलं ऐकू आली. फरफटत, टाच घासत, खूप दमलेली.

"बाबा." घसा बसला होता. एवढ्या वर्षांत सुशांत त्यांच्याशी इतका वैतागून बोलला नव्हता, आणि इतका रडकुंडीलाही आला नव्हता. "किती वेळ म्हणतोय, थांबा ना. मी उठलो होतो. मी आलो होतो."

उदयसिंह वळले. वळणाच्या कारवीखालून फक्त गुडघ्यांपर्यंतचे पाय दिसत होते. धुळीने माखलेले बूट. एकाची नाडी सुटून मातीत लोळत होती. लाल. आठवड्यापूर्वीच्या शनिवारी फडकं मांडीवर घेऊन त्यांनी ती स्वतः ओवली होती.

डबा त्यांच्या हातात अजून कोमट होता. त्यांनी खाली एक पाऊल टाकलं. तेव्हा वरून त्यांच्या दंडाला कोणीतरी धरलं. हळूच, पण सुटणार नाही असं. गेल्या रविवारी त्यांनी पद्मजाबाईंचं मनगट धरलं होतं तसंच.

"चला बाबा," मुलगा म्हणाला. आवाज उदयसिंहांचा होता, भगवानला उत्तर देतानाचा. "तो येतोय मागून."